कोरी साडी

केरबाला झोप येत नाही, हे त्याला ओळखणारा कुणीही सांगेल. खाटेवर पडतो, डोळे मिटतो, येणाऱ्याजाणाऱ्याला वाटावं म्हणून घोरतोही, पण आत टक्क जागा असतो. आज मात्र नवल झालंय. भर दुपारी, सोप्यावरच्या खाटेवर, धोतराची घडी उशाला घेऊन पडल्या पडल्या त्याचे डोळे जड व्हायला लागलेत. पठारावरून वारा खाली उतरतोय, कौलांतून शिरतोय, दाराची कडी वाजवतोय. खालच्या गावातून कर्ण्यावरची हळदीची गाणी तुटक तुटक वर येतायत. आणि केरबाच्या तोंडावर हसू आहे. चांगलं हसू नव्हे हं ते. ज्याच्यावर हसतोय त्यानं पाहिलं असतं तर रात्रीचं जेवण गेलं नसतं त्याला.

सकाळी विश्वासरावाची लेक कल्याणी स्कुटीवरून चढ चढून वर आली होती. उद्या तिचं लग्न. हातात अक्षतांची वाटी, केस विस्कटलेले, धाप लागलेली.

"मामा, उद्या माझ्या पाठीशी तुम्हीच उभं राहायचं."

"बापानं पाठवलं तुला?"

"बाबांना ठाऊकसुद्धा नाही. आईच्या माहेरचं दुसरं कोण आहे मला? आणि अक्षता पडताना अंगावर मामाची साडी लागते. तुम्ही नाही दिलीत तर आत्या देते म्हणाली. मला आत्याची नको."

मामा! केरबा काही तिचा सख्खा मामा नव्हे. तिची आई हौसा. हौसाच्या बापानं, बापूंनी, बाजाराच्या उकिरड्यावर रडत पडलेलं एक पोर उचलून घरी आणलं, त्याचं नाव केरबा ठेवलं, आणि ते पोर हौसाच्या ताटात जेवत वाढलं. बापू गेले, तसा हौसाच्या थोरल्या भावानं, आनंदानं, त्याला ताटावरून उठवून गोठ्यात घातला. पुढं आनंदा दारूत बुडाला, घर विकलं, रानं विकली, शेवटी मेला. केरबानं ट्रक चालवून चालवून ते सगळं आपल्या नावावर करून घेतलं. ज्या घराच्या गोठ्यात निजायचा त्या घराचा आज तो मालक आहे. हौसा तेवढी मिळाली नाही. ती वाजतगाजत खालच्या घरी, विश्वासरावाकडं गेली आणि तिथंच तापानं मेली. तेव्हा कल्याणी शाळेतसुद्धा जात नव्हती.

"देतो की साडी," केरबा पोरीला म्हणाला. "हिरवीगार, कोरी साडी हाय. घडीसुद्धा मोडलेली न्हाई. दिवस मावळायच्या आत ये आन् घेऊन जा."

पोरगी हरखून पाया पडली. आईचंच कपाळ, आईसारखीच वाकली की केसांची बट पुढं. केरबानं तोंड फिरवलं.

आता ती साडी कसली, ते ऐका. इकडं सवाष्ण बाई गेली की शेवटची साडी तिला माहेराकडची लागते. हिरवी. भाऊ घेऊन येतो, मग बायका ती नेसवतात, आणि मगच तिला उचलतात. हौसा गेली तेव्हा आनंदा आधीच मेलेला. सांगावा आला तो वरच्या घरी, म्हणजे केरबाला. त्यानं तालुक्याला जाऊन साडी घेतली. पण ती हौसापर्यंत पोचली नाही. सासरच्याच साडीत तिला नेली. माहेर असून नसलेली बाई, असं चारचौघींत झालं. ती साडी तेव्हापासून केरबाच्या ट्रंकेत आहे, दुकानदाराच्या कागदात, दुकानदाराच्याच सुतळीनं बांधलेली. ट्रंकेची किल्ली त्याच्या करदोट्याला.

उद्या कल्याणी तीच साडी नेसून बोहल्यावर उभी राहणार. अंतरपाट खाली गेला, अक्षता पडल्या, की केरबा तिच्या पाठीमागून सगळ्या मांडवाला ऐकू जाईल असा बोलणार आहे. शब्दसुद्धा त्यानं ठरवून ठेवलेत. "विश्वासराव, तुमच्या बायकोच्या मढ्यावर घालायची साडी नेसून तुमची लेक उभी हाय बघा." बस्स. एवढंच. मग वाजंत्री काय वाजवायचं ते वाजवू देत. हे शब्द तोंडात घोळवत घोळवत त्याचा डोळा लागतो.

खाटेचा पायथा खचतो. कुणीतरी बसलंय.

"सरक की जरा. सगळी खाट काय तुझ्या बापाची?"

केरबा पाय आखडतो. आखडल्यावर त्याच्या लक्षात येतं की गुडघा दुखला नाही. ट्रक उलटल्यापासून तो गुडघा वाकत नाही; काठीशिवाय केरबाला परसात जाता येत नाही, पठारावर तर किती वर्षांत गेलेला नाही. आता गुडघा खुशाल वाकतोय. खाटेच्या पायथ्याशी हौसा बसली आहे, नऊदहा वर्षांची, परकर गुडघ्यावर गोळा करून. परकराचा घेर कुसळांनी भरलेला.

"काढ," ती म्हणते.

पठारावरचं गवत वाळलं की त्याची कुसळं अशी कपड्यात घुसतात की झटकून निघत नाहीत. एकेक चिमटीत धरून उपटावं लागतं. म्हशी चारून आल्यावर हौसा पुढच्या बाजूची स्वतः काढायची, मागच्या बाजूची केरबानं काढायची, हा त्या दोघांचा ठरलेला नेम. हात मंदावला की ती एखादं कुसळ उचलून त्याच्या तळहातात टोचायची. तोही मुद्दाम हात मंदावायचा.

केरबा वाकून काढायला लागतो. सोप्याची जमीन गेली आहे. खाली पिवळं गवत आहे, वारा त्याला एका बाजूला झोपवतोय, म्हशी लांब बांधावर आहेत.

"किती वर्षं लावलीस यायला," तो म्हणतो. मान वर करत नाही.

"मी कशाला यिऊ? मला बोलावलं का कुणी?"

"रोज बोलावतोय."

"शिव्या देतोस. बोलवत न्हाईस."

ते खरं आहे. केरबा रोज तिला शिव्या देतो. चहा पिताना देतो, म्हशीची धार काढताना देतो. भवाने, खालच्या घराचं वैभव बघून गेलीस ना, मर आता. ती मेली आहे हे आठवलं की पुन्हा देतो, मेलीस कशाला म्हणून.

"मागचं निघालं का?" हौसा विचारते आणि उठून उभी राहते. उठते ती मुंडावळ्या बांधलेली नवरी होऊन. सनई एवढ्या जवळ वाजते की केरबा दचकतो. वरच्या घराच्या अंगणात मांडव आहे. विश्वासराव पाटावर बसलाय, गोरा, गुबगुबीत, कपाळावर घाम. आजूबाजूला बायका ओरडतायत, "कानपिळीला भाऊ कुठाय? नवरीच्या भावाला बोलवा!" नवरदेवाचा कान पिळायचा मान नवरीच्या भावाचा. आनंदा सकाळीच पिऊन गोठ्यात लोळतोय. केरबा मांडवाच्या कडेला खांबाला टेकून उभा आहे, आणि त्याला पुढं काय होणार ते सगळं ठाऊक आहे.

"नको बोलूस," तो नवरीला सांगतो. "हौसे, या खेपेला नको बोलूस."

हौसा बोलते. मुंडावळ्यांच्या आडून, सगळ्यांदेखत, स्वच्छ आवाजात. "केरबा हाय की. केरबाच करंल."

हशा पिकतो. कुणीतरी त्याला ढकलून पुढं आणतं. भाऊ! भाऊबीजेला घरातून पळून पठारावर जाऊन बसायचा तो, का, तर तिनं ओवाळू नये. तीही कधी हाक मारायला आली नाही. आली तर ताट घरी ठेवून, करंज्या ओच्यात घेऊन यायची. आणि आज तिनंच त्याला भाऊ करून टाकला, एका वाक्यात. केरबा वाकतो, विश्वासरावाचा कान धरतो आणि पिळतो. लोक हसतायत. तो पिळतोच आहे. विश्वासराव आधी हसतो, मग कण्हतो, मग बोंबलतो. कानातून रक्ताची धार शेरवानीवर येते तेव्हा मंडळी धावतात. विश्वासराव ओरडतो, "उकिरड्यावरचं कार्टं ते! उकिरड्यावर टाका त्याला!" आणि चौघे मिळून केरबाला खरोखरच उचलून नेतात, अंगणाच्या मागं, शेणाच्या ढिगाऱ्यावर टाकतात.

केरबा शेणात पडलेला आहे. नवरी त्याच्या शेजारी येऊन उकिडवी बसते. शालू शेणात लोळतोय, तिला फिकीर नाही.

"लई दुखलं असंल त्याला," ती म्हणते. तिला हसू आवरत नाही. "जलमभर त्या कानानं कमी ऐकायचा."

"तू मला भाऊ केलंस."

"केलं."

"त्याचा सूड मी मरेपर्यंत घेणार हाय. त्याच्यावर घेतला, आनंदावर घेतला. तुझ्यावर घ्यायचा राहिला हुता, तर तू मेलीस."

"माझ्यावर घेतलास की. इसरलास व्हय?" हौसाचं हसू मावळतं. "चल, दाखवते."

ती त्याच्या मनगटाला धरून उठवते. हात थंडगार आहे. उठतो तो खालच्या गावाच्या वेशीत. त्याच्या बगलेत कागदात बांधलेली साडी आहे. बायकांचा रडण्याचा आवाज येतोय. हौसा शेजारी नाही. ती आत आहे, विश्वासरावाच्या माजघरात, आंघोळ घालून ठेवलेली, अंगावर नुसती चादर. केरबाला भिंतीपलीकडचं दिसतंय. हे त्या दिवशी दिसलं नव्हतं.

तो वेशीतून पुढं जातो. चपला वाजतायत. विश्वासरावाच्या दाराशी बायका बसल्या आहेत. त्यातली एक म्हातारी हात वर करून रडत ओरडते, "आला गं बाई, आला! भाऊ आला! हौसे, ऊठ गं, तुझा भाऊ आला साडी घेऊन!" आणि मग सगळ्याच जणी. भाऊ आला, भाऊ आला.

केरबा थांबतो.

माजघरात हौसाचे मिटलेले डोळे उघडतात. "ऐकलं हुतं मी," ती भिंतीपलीकडून म्हणते, शेजारी असावी तशी. "तुझ्या चपला मी वळखते. म्हटलं, आला. म्हटलं, आता नेसवतील, आता उबारा यील जरा. चादर लई पातळ हुती, केऱ्या. आन् तू माघारी फिरलास."

"त्या मला भाऊ म्हणत हुत्या."

"मग? मेलेल्या बाईला कोण म्हणून साडी देणार हुतास? नवरा म्हणून? नवरा पडवीत बसला हुता."

"कोणच म्हणून न्हाई."

"कोणच म्हणून न्हाई," ती वेडावून दाखवते. "आन् मला ठेवलंस तसंच. विश्वासरावाची आई जावांना म्हणाली, घ्या कपाटातली कुठली बी, माहेर मेलंय हिचं. जुनी साडी, केऱ्या. पदराला चहाचा डाग. तो डाग घेऊन जळाले मी."

नदीचा वास येतो, ओल्या राखेचा. ती आता घाटावर उभी आहे, ती जुनी साडी नेसून. साडीची कड जळून काळी झाली आहे आणि चहाचा डाग मात्र तसाच आहे. केरबाला रडू फुटतं, आणि रडता रडता तो जे बोलतो ते त्यानं आजवर स्वतःशीही कबूल केलेलं नाही.

"बरं झालं! बरं झालं डाग घेऊन गेलीस! मला वाटलं हुतं, माहेराकडची साडी मिळाली न्हाई तर बाई सुटत न्हाई. हितंच घोटाळती. म्हणून दिली न्हाई! जिवंतपणी गेलीस सोडून, मेल्यावर जाऊ दिन व्हय तुला? बस म्हटलं पठारावर. बस वाऱ्यात कुडकुडत. माझ्याजवळ."

हौसा पदराची जळकी कड मुठीत धरते.

"बसले की," ती म्हणते. "कुठं गेले? तुझ्या खाटंच्या पायथ्याशी बसते रोज. तू घोरायचं सोंग करतोस, तवा बी."

"मला कधी दिसली न्हाईस."

"दिसू दिलं न्हाई."

"का?"

"तू मला चादरीवर ठेवलंस, वाट बघत. म्हटलं, बघ तू बी. हाताच्या अंतरावर बसायचं आन् दिसायचं न्हाई. लई मजा यायची." तिच्या डोळ्यांत पाणी आहे आणि ती दातओठ खातेय. "तू उठून दार उघडायचास, वाऱ्याला शिव्या द्यायचास, पुन्हा पडायचास. मला वाटायचं, एकदा हात लावावा. न्हाई लावला."

केरबा तिला मारायला हात उचलतो. तिच्या खांद्यापर्यंत नेतो आणि तिथंच ठेवतो. खांदा घट्ट आहे, खरा आहे.

"मग आज का दिसलीस?"

"माझ्या पोरीसाठी."

"तुझी न्हाई ती. त्याची."

"दोघांची हाय. तुला त्याचाच वाटा दिसतो व्हय रं?"

"तुझा दिसतो, म्हणून तर जास्त राग येतो! तुझं कपाळ घेऊन येती, मामा म्हणती. तुझ्यासारखीच. पुन्हा तेच नातं गळ्यात बांधती माझ्या. उद्या सगळ्या मांडवात सांगणार हाय मी, ही साडी कशाची ते. विश्वासरावाचं तोंड बघायचं हाय मला. एकदा बघू दे, मग मरतो."

"आन् तिचं तोंड?"

केरबा बगलेतलं पुडकं घट्ट दाबतो.

"त्या दिवशी तुला भाऊ का म्हटलं, इचारलं न्हाईस कधी," हौसा म्हणते. घाट नाही, नदी नाही. दोघं पठारावर आहेत, वरच्या घराची कौलं खाली दिसतायत, वारा कानात भरतोय. "आनंदानं सकाळीच सांगून ठेवलं हुतं, अक्षता पडल्या की केरबाला हाकलायचा, पुन्हा हौसाच्या दारात दिसला तर तंगडी तोडायची. मांडवात तुला ठेवायला दुसरी जागाच नव्हती रं. पाहुणा तू न्हाईस, जातीचा कोण ठाऊक न्हाई, गडी म्हटलं तर गड्याला खालच्या घरात पायरी चढू देत न्हाईत. भावाला तेवढं कुणी अडवत न्हाई. भाऊ बहिणीच्या घरी कवाबी जातो. म्हटलं, भाऊ म्हणू. येत तर जाईल. दिसत तर जाईल. आन् तू मुडद्या, कान तोडलास त्याचा!"

केरबा मटकन खाली बसतो. गवत टोचतं. असं काही त्याच्या डोक्यात कधी आलं नव्हतं. इतकी वर्षं ज्या शब्दावर तो दात खात जगला, तो शब्द तिनं त्याच्यासाठी दार म्हणून उघडा ठेवला होता, आणि तोच पाठ फिरवून गेला. त्याला तिचा राग येतो, आधीपेक्षा जास्त. आधी सांगायचं की, भवाने. एकदा तरी सांगायचं.

"सांगितलं असतंस तर मी ऐकलं असतं का?" तो विचारतो.

"न्हाई."

"न्हाई," तोही म्हणतो.

हौसा हात पुढं करते. "आण ती साडी."

कागदाचं पुडकं अजून त्याच्या बगलेत आहे. तो ते छातीशी धरतो. "दिली तर तू जाशील."

"जाईन."

"मग न्हाई देत."

"मग उद्या माझी पोर मढ्याची साडी नेसून उभी राहील, आन् तू वरडशील, आन् मी तुझ्याकडं पुन्हा बघणार न्हाई. खाटंच्या पायथ्याशी बसणार बी न्हाई. हितल्या हितं पठारावर भटकीन, पण तुझ्या अंगणात पाय ठेवणार न्हाई. तुला वाऱ्यात सुदीक मिळणार न्हाई मी." ती हे सगळं हळू आवाजात बोलते, म्हणून केरबाला ते जास्त लागतं. "सोड."

तो सोडत नाही. ती ओढते. लहानपणी एका कणसावरून भांडायचे तशी दोघं भांडतात, नखं लागतात, ती त्याच्या दंडाला चावते, तो तिला शिव्या देतो, ती दुप्पट देते. आणि मग केरबाच्या हातात नुसता पदर आहे. साडी उलगडली आहे, वाऱ्यावर ताणली गेली आहे, हिरवीगार.

"धर नीट," हौसा म्हणते. "निऱ्या घालते."

तो पदर धरून उभा राहतो. ती जळक्या साडीवरच ती नवी साडी नेसते, निऱ्या घालते, खोचते, पदर त्याच्या हातातून काढून खांद्यावर घेते. मग त्या वाळल्या गवतातून चार पावलं चालून दाखवते.

"कशी दिसते?"

"भिकार," केरबा म्हणतो.

"आता ही कोरी न्हाई राहिली बरं का," ती म्हणते. "दे आता माझ्या पोरीला. देऊन दाखव."

ती पाठ फिरवते. पठाराच्या कडेकडं चालायला लागते. केरबा मागं धावायला जातो, पण गुडघा चांगला असून पाय उचलत नाही.

"हौसे! तिथं कुणी इचारलं, साडी कुणी दिली, तर काय सांगशील?"

"केरबानं दिली म्हणीन."

"आन् केरबा कोण, म्हटलं तर?"

ती थांबते. वळून त्याच्याजवळ येते, त्याचा हात उलटा करते आणि तळहातात एक कुसळ खसकन टोचते.

"नातं इचारणाऱ्याच्या कानाखाली जाळ काढीन," ती म्हणते.

स्कुटीचा हॉर्न वाजतो.

केरबा खाटेवर उठून बसतो. गुडघा ठणकतोय. उन्हं सोप्याच्या पायरीवर उतरली आहेत. अंगणात कल्याणी उभी आहे, हळदीनं गाल पिवळे, हातांना ओली मेंदी म्हणून स्कुटीवरून कुणी मैत्रिणीनं आणलंय.

"मामा, झोपला होता का? साडी घ्यायला आले."

"थांब. काढतो," केरबा म्हणतो. स्वप्न ते स्वप्न. माणूस उपाशी निजला की पडतात. विश्वासरावाचं तोंड उद्या बघायचंच आहे.

काठी टेकत तो माजघरात जातो. करदोट्याची किल्ली लावून ट्रंक उघडतो. कागदाचं पुडकं खाली आहे, तसंच. सुतळीची गाठ दुकानदारानं मारलेलीच, घट्ट, त्यावर धूळ. तो गाठ सोडत नाही, सुतळी तोडतो. कागद बाजूला करतो. साडीची घडी मोडलेली नाही.

आणि साडीची खालची कड कुसळांनी भरलेली आहे.

घडीच्या आत, बाहेर, काठाच्या जरीत. पुढच्या बाजूला थोडी, मागच्या बाजूला गच्च. चालून आल्यावर असतात तशी.

केरबा ट्रंकेशेजारी जमिनीवर बसतो. वाकत नाही तो पाय लांब पसरून. मग त्याच्या मनात येतं, अजून काही गेलेलं नाही. कुसळंच आहेत. उपटली की साडी पुन्हा कोरी. पोरीला काय कळतंय. त्याचा राग अजून तसाच आहे, कुठंही गेलेला नाही, आणि तो घाईघाईनं कुसळं उपटायला लागतो. एक, आणखी एक. चिमटीत धरायचं, उलट दिशेनं ओढायचं. बोटांना सवय आहे, डोळ्यांची गरज नाही. पुढची बाजू होते. मागच्या बाजूला येतो तसा त्याचा हात मंदावतो, आपोआप, आणि तो तळहात उघडा ठेवून वाट बघत राहतो.

कुणी टोचत नाही.

"गेलीस ना," तो म्हणतो. "घेतलीस आन् गेलीस. भवाने. नेसलेली साडी आता कुणाला देऊ मी?"

नेसलेली साडी आहेरात देत नाहीत. उकिरड्यावर सापडलेल्या केरबालासुद्धा एवढं कळतं.

बाहेरून कल्याणीची हाक येते. "मामा? सापडली का?"

केरबा साडी ट्रंकेत ठेवतो, कुलूप न लावता. डोळे पुसतो, टोपी घालतो, काठी घेऊन रिकाम्या हातानं बाहेर येतो. पोरीचा चेहरा उतरतो.

"साडी न्हाई," तो म्हणतो.

"म्हणजे? सकाळी तर म्हणालात..."

"ती तुझ्या आईला दिली."

"आईला?"

"व्हय. जरा उशीर झाला." केरबा काठी मैत्रिणीकडं करतो. "हिला म्हणावं बस हितं, चहा करून पी. मला गाडीवर बसव, बाजार उघडा हाय तवर जाऊ. नवी घेऊ. तुझ्या पसंतीची घे. हिरवी नको."

"तुमचा पाय, मामा. आणि माझे हात..."

"मग तिघं बसू."

तिघं बसतात. मैत्रीण पुढं, पोरगी मधे मेंदीचे हात हवेत धरून, केरबा मागं काठी आडवी घेऊन. स्कुटी उतारावर निघते. केरबा मागून ओरडतो, वाऱ्यात ऐकू जावं म्हणून.

"बापाला सांग, मामा येतोय उद्या. मामाचा फेटा त्याच्याच हातनं बांधून घेणार. सगळ्या मांडवादेखत. आन् कान झाकून ये म्हणावं."

"कान? का?"

"त्यालाच इचार."

पोरगी हसते. वाट खडबडीत आहे, पठाराचा वारा पाठीमागून ढकलतोय. साडीतलं एक कुसळ केरबाच्या सदऱ्यात शिरलंय, बरगडीपाशी, आणि प्रत्येक खड्ड्याला ते टोचतं. हात नेला तर चिमटीत येईल, एवढ्यावर आहे. तो हात नेत नाही.